कुकरची शिट्टी

रिबन मुलीनं फिरवायची आणि गाणं बापानं कापून आणायचं, हे रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या मॅडमनी परस्परच ठरवून टाकलं. वेळ ७५ ते ९० सेकंद. वरच्या प्रत्येक सेकंदाला ०.०५ गुण कट. म्हटलं, यात काय एवढं! बर्डीच्या बाजारात कापड कापतात तसं कापायचं.

कापलं. नव्वदात बसलंही. पण ढोल कडाडला तेव्हा पोरगी वाकून पडलेली रिबन उचलत होती, आणि रिबन हवेत गेली तेव्हा बासरी एकटीच रडत होती. ढोल पुढं सरकवला, तर शेवट ९८वर गेला.

मग कुठंतरी वाचलं, की १९८४च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये टॉरव्हिल आणि डीन या बर्फावर नाचणाऱ्या जोडीचंही असंच अडलं होतं. रावेलचं 'बोलेरो' हे संगीत कापून कापून ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येईना. पण नियमाचं घड्याळ स्केटची पाती बर्फाला टेकल्यावर सुरू व्हायचं. म्हणून दोघं आधी गुडघ्यांवरच डोलत राहिले आणि सुवर्णपदक घेऊन गेले! मी धावतच मॅडमकडे.

"भाऊ, आपल्यात हालचालीआधी चारच सेकंद चालतात."

उरलेले चार मी रात्री दोन वाजता कापले. आता सरावासाठी गाणं स्पीकरवर लावून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं होतं. मे महिना, पारा ४५वर. घरघर नको म्हणून कूलर बंद केला. (कूलर चालू असला की रिबन ताटीला चिकटते, तो वेगळा विषय.) अख्खं घर घामाघूम, श्वास रोखून बसलेलं. ४१व्या सेकंदाला, ऐन ढोलाच्या आधी, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"आता पुन्हा कूलर बंद कराल तर पाहा," आई म्हणाली. राहू दिलं.

पोरीनं महिनाभर त्यावरच सराव केला. स्पर्धेसाठी भाच्यानं लॅपटॉपवर गाणं एकदम स्वच्छ करून दिलं.

मानकापूरच्या हॉलमध्ये सगळं झकास चाललेलं. ढोल कडाडला. पोरगी मात्र रिबनची काठी हातात धरून तशीच उभी. एक सेकंद. दोन. ती कशाची वाट पाहून राहिली, हे हॉलमध्ये मला एकट्यालाच कळलं.

मी दोन बोटं तोंडात घातली.

रिबन सुर्रकन छताकडे गेली. पंचांनी एकदम मान वळवली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काऊन भाऊ, पिक्चर पाहाले आले का?"