गिझर ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं असं की, बंद पडलेल्या गिझरचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा पार्ट) आणि कटआउट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा सुरक्षा स्विच) आम्ही बदलला, पण आता पाणी पूर्वीसारखं कडकडीत येत नाही, लाल दिवा मध्येच विझतो, आणि थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही काढून गिझर ‘डायरेक्ट’ करून (म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलला वीज थेट जोडून) द्यायला आमच्या मेकॅनिकने नकार दिला.

पूर्वी पाणी उकळत होतं, कारण जुन्या थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले होते. तो वीज तोडतच नव्हता. शेवटी कटआउट उडाला, म्हणून गिझर बंद पडला आणि तुमचं घर वाचलं. दोन्ही जुने पार्ट दुकानात जपून ठेवलेत, येऊन बघा.

नवीन थर्मोस्टॅट 60 अंशांवर लावलाय. त्यात पितळी नळी असते आणि आत इन्व्हारची कांडी. इन्व्हार म्हणजे लोखंड आणि 36 टक्के निकेल. हा मिश्रधातू तापला तरी जवळजवळ वाढत नाही. पितळ वाढतं. पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं की 28 सेंटिमीटरची नळी जेमतेम 0.2 मिलिमीटर लांबते, पण तेवढ्याने कांडी ओढली जाते आणि स्विच खटकन उघडतो. पाणी काही अंश उतरलं की नळी आखडते, स्विच पुन्हा लागतो. मला या पार्टचं आजही कौतुक वाटतं.

म्हणजे दिवा विझला की पाणी तयार. 15 लिटरच्या टाकीला 2 किलोवॅटच्या कॉइलवर साधारण 20 मिनिटं लागतात. आणि 60 अंशांचं पाणी विसण न घालता अंगावर घेतलं तर काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मूल असेल तर 50 वर आणा.

डायरेक्ट केलेल्या गिझरला थांबवणारं कोणी उरत नाही. टाकीत दाब असल्याने पाणी 100 अंशांच्याही वर जातं. मग भरवसा फक्त जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचा, आणि बोअरच्या क्षाराने तो जाम झालेला आम्ही कितीदा पाहतो! टाकी फाटली तर त्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते. एका लिटरची सुमारे 1600 लिटर. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी हे करू नका, कुणी फुकट करून दिलं तरी नको.

मेकॅनिकला थर्मामीटर घेऊन पाठवतो. दिवा विझल्यावर तुमच्यासमोर पाणी मोजू. 55 च्या खाली भरलं तर थर्मोस्टॅट विनाशुल्क बदलून देऊ. डायरेक्ट मात्र करून देणार नाही.

— दुकानमालक