नाक ज्याचे त्याचे

आमच्या सोसायटीच्या फलकावर, पाणीकपातीची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध, गेल्या रविवारी एक नवा कागद झळकला : 'दुर्गंधीयुक्त वाहन आवारात उभे करू नये.' वाहनाचा क्रमांक दिला नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती.

हे वाहन म्हणजे माझी १९९८ सालची ओम्नी. मागची सीट काढून तिथे प्लायवूडचा ओटा आणि त्यावर गादी घातल्यापासून मी तिला कॅम्पर म्हणतो. आई तिला चाकांवरचा पोटमाळा म्हणते. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलचा वास सुटायचा आणि टाकी अर्ध्यावर आली की तो आपोआप नाहीसा व्हायचा. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सगळ्यांचा संशय त्या इंजिनावरच. पहिल्या मेकॅनिकने कार्बोरेटरचे पॅकिंग आणि पंपाचा पडदा बदलून अठराशे रुपये घेतले, तर दुसऱ्याने टाकीच्या जोडावर धुण्याचा साबण चोळला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. फक्त गळती तिथे नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खाली साचून राहते, हे ज्ञान मला पाचगणीच्या मुक्कामात झाले. त्या रात्री दोन्ही दारे सताड उघडी टाकून मी स्वेटर घालून बसलो होतो आणि सकाळी शेजारी स्टोव्ह असूनही चहासाठी टपरी शोधत हिंडलो.

पण मला सांगायचे आहे ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांविषयी. मी गाडीखाली पाठीवर पडून नळ्या चाचपत असताना काका रोज सकाळी साडेसातला घडीची खुर्ची घेऊन खाली येत, गाडीच्या मागच्या चाकापाशी ती उघडत, डोळे मिटत आणि दीर्घ श्वास घेत. पहिल्या दिवशी मला वाटले, प्राणायाम असेल.

"अप्रतिम," ते म्हणाले. "आमच्या वडिलांची राजदूत फटफटी होती. अगदी हाच वास."

"काका, हे तब्येतीला चांगलं नाही."

"कोणाच्या? माझं वय एकोणऐंशी आहे."

तिसऱ्या दिवशी त्यांनी थर्मासही आणला. उजव्या बाजूला वास पातळ आहे, डावीकडे दाट आहे, असे ते मला खुर्चीतूनच सांगत, आणि मान्य करायला जड जाते, पण त्यांचे निदान दोन्ही मेकॅनिकांपेक्षा सरस होते. एवढे सख्य जमल्यावर मी रविवारी फलकावरचा कागद जवळून पाहिला, तर खाली सचिव म्हणून सही काकांचीच.

"काका, ही नोटीस तुम्ही लावलीत?"

"लावावी लागली. दोन तक्रारी आल्या होत्या."

"आणि तुम्ही रोज इथे येऊन बसता!"

"सही पदाची आहे," ते शांतपणे म्हणाले. "नाक माझं स्वतःचं आहे."

यावर हसावे, हे मला कळते. पण ज्या आवारात डिझेलचा जनरेटर महिन्यातून चारदा धूर ओकतो आणि कचऱ्याची गाडी दिवसाआड दांडी मारते, तिथे दुर्गंधीची पहिली लेखी दखल माझ्या गाडीच्या वाट्याला यावी, हे मी अजून विसरलेलो नाही.

काकांच्या 'डावीकडे दाट' या निदानावरून तिसऱ्या मेकॅनिकने अखेर दोष पकडला. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणाऱ्या रबरी नळीला, चैत्रातल्या अनवाणी टाचेसारख्या भेगा पडल्या होत्या. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल तिथपर्यंत चढे आणि भेगांतून झिरपे; पातळी उतरली की नळी कोरडी. इथेनॉल मिसळलेले हल्लीचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, असेही त्याने सांगितले. नवी नळी आणि दोन क्लिपा, मजुरीसकट सातशे रुपये.

आज सकाळी काका खुर्ची घेऊन आले, बसले, दोनदा हुंगले आणि माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी त्यांची राजदूतच भंगारात घातली होती.

"वास गेला, काका. आता ती नोटीस काढा."

"ते एकट्याने नाही करता येत. पुढच्या बैठकीत ठराव लागेल." मग खुर्चीची घडी घालता घालता त्यांनी हळूच विचारले, "जुनी नळी टाकून दिलीत का हो?"