कानच्या विटा: एक कॅम्पस इथला, एक तिकडचा

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रिचर्ड्स प्रयोगशाळेवरून माझं नेहमी जाणं-येणं असतं. विटांचे उंच, बिनखिडक्यांचे मनोरे आणि त्यांना बिलगलेल्या, कोपऱ्यांत काचा असलेल्या खोल्या. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती जुनी गिरणीच वाटली होती. आर्किटेक्ट लुई कान यांची ही इमारत 1960 साली उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं खास तिच्यावर प्रदर्शन भरवलं. आत काम करणारे शास्त्रज्ञ मात्र वैतागले होते. ऊन थेट कामाच्या टेबलावर यायचं, म्हणून त्यांनी काचांवर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली.

अहमदाबादच्या आयआयएमचा विषय निघाला की मला ती फॉइल आठवते. कॅम्पस कान यांचाच. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेनं तिथल्या 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचं जाहीर केलं, जगभरातून ओरड झाल्यावर 1 जानेवारी 2021 ला माघार घेतली आणि 2022 मध्ये पुन्हा नव्या बांधकामाची भाषा सुरू झाली. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून दोन तट आहेत. 'तिकडे बघा कसं जपतात!' असं कुणीतरी टाकतंच, आणि मग साक्षीला मी.

साक्ष द्यायची तर खरी द्यावी. शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं बर्ट्रांड गोल्डबर्ग यांचं प्रेंटिस रुग्णालय, केवळ 1975 चं, नामवंत आर्किटेक्टांचा विरोध डावलून पाडलंच. इकडे सगळे वारसाप्रेमी आहेत, हा गैरसमज आहे.

रिचर्ड्स टिकली ती निव्वळ भक्तीमुळे नाही. 2009 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, पण रसायनांची प्रयोगशाळा म्हणून ती गैरसोयीची आहे, हेही विद्यापीठानं मान्य केलं. तसल्या प्रयोगशाळा हलवल्या आणि संगणकावर चालणारं संशोधन तिथे आणलं. इमारतीला तिच्या अंगाला झेपेल असं काम दिलं.

अहमदाबादला हे जमणं अवघड आहे. उन्हाचा धडा कान तिथे शिकलेले दिसतात: खोल व्हरांडे, विटांतली मोठाली गोल भोकं, सावलीच सावली. दुखणं वेगळंच आहे. पाणी मुरून विटांच्या आतली सळई गंजते, फुगते आणि वीट फुटते. त्यात 2001 चा भूकंप. डोक्यावर छत पडेल या भीतीत मुलांनी झोपावं, असं कोण म्हणेल? सुरक्षेचा मुद्दा हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण गळती एका पावसात सुरू होत नाही. त्याच कॅम्पसवरच्या विक्रम साराभाई वाचनालयाचा जीर्णोद्धार झाला आणि त्याला 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे कारागिरी आपल्याकडे आहे. नसतो तो दरवर्षीच्या डागडुजीचा उत्साह. देणगीदाराला नव्या इमारतीवर नाव हवं असतं (इकडेही तेच, तक्रार फक्त मायदेशाची नाही). पन्हळ साफ केल्याची पाटी मी दोन्हीकडे पाहिलेली नाही.

परवा ग्रुपवर विचारलं, गेल्या वीस वर्षांत या वसतिगृहांच्या देखभालीवर दरसाल किती खर्च झाला, हा आकडा कुणाकडे आहे का? दोन दिवस झाले. आमच्या आर्किटेक्ट मित्रानं फक्त अंगठा टाकलाय.