आठ नंबरची तार कुठल्याही ट्रान्सफॉर्मरला पुरत नाही

पेडण्यात माझ्या मामांचा बर्फाचा कारखाना आहे. तिथे आता स्वतःचा २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसतोय. काल सकाळी सहाला त्यांनी एक फॉरवर्ड धाडला: 'अर्थिंगच्या तारेतून करंट वाहतच नाही, आठ नंबरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार कुठल्याही ट्रान्सफॉर्मरला पुरते. जाड पट्टी म्हणजे ठेकेदाराची लूट. खड्ड्यात मीठ-कोळसा भरपूर घाला. थ्री-पिनमध्येच न्यूट्रल-अर्थ जोडा, वायर वाचते.' खाली मामांचं: "पट्टी कॅन्सल करू काय रे?"

करंट वाहत नाही म्हणे! रोज नाही वाहत. मे महिन्यात गटारही कोरडंच असतं, म्हणून ते बोटभर रुंदीचं बांधतात का?

हिशेब साधा आहे. २५० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे फुल लोड साधारण ३३३ अँपियर. इम्पिडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा आतला अडसर, साडेचार टक्के धरला तर ट्रान्सफॉर्मरपाशी फेजची जिवंत तार धातूच्या बॉडीला टेकताच जवळपास ७,४०० अँपियर धावतात. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक उघड्या स्टीलला एका सेकंदासाठी चौरस मिलिमीटरमागे ८० अँपियर देतं. म्हणजे किमान ९३ चौरस मिमी हवं. आठ नंबरची तार भरते जेमतेम १३. ती या करंटला सुमारे २० मिलिसेकंद टिकेल, ५० हर्ट्झचं एक आवर्तन. ट्रान्सफॉर्मर आणि मेन ब्रेकरच्या मध्ये असा फॉल्ट झाला तर तो तोडायचा एचटी (हाय टेन्शन) बाजूने, आणि तिकडे इतकी घाई नसते.

ठेकेदाराने २५ बाय ६ ची पट्टी लिहिलीय, १५० चौरस मिमी. ९३च्या वरचं गंजासाठी राखीव. मामांच्या ब्राइन (खारं पाणी) टाकीमागची जुनी तार मी गेल्या वर्षी हातात घेतली होती. वर तांबूस पापुद्रे, चिमटीत वाकवली तर कटकन तुटली.

अर्थ फेजएवढा जाड लागत नाही, एवढं मात्र मान्य. फेज ३५ चौरस मिमीच्या वर गेला की निम्मा अर्थ चालतो, हेही त्याच मानकात आहे. पण धातू एकच असेल तर. ॲल्युमिनियमच्या केबलचं निम्मं काढून तेवढं लोखंड घालायचं नसतं.

मीठ-कोळशाने खड्ड्याचा रोध उतरतो, तार जाड होत नाही. खड्डा अगदी ५ ओहमचा आला तरी मातीतून २४० व्होल्टला ४८ अँपियर. तेवढ्यावर १०० अँपियरचा ब्रेकर हलतसुद्धा नाही. तो पाडायला ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल पॉइंटपर्यंत धातूचीच वाट लागते.

थ्री-पिनमधल्या जोडणीचा मला खरा राग आला. मागे कुठे न्यूट्रल सुटला की मशीनच्या पत्र्यावर सरळ फेज. आणि कारखान्यात फरशी दिवसभर ओली, कामगार अनवाणी.

मामांना फोन करून सांगितलं, "पट्टी राहू द्या. आणि कुणी आधीच सॉकेटात तसला तुकडा जोडलाय का, ते मेन बंद करून आजच उघडून बघायला लावा." संध्याकाळी उत्तर आलं: दोन सॉकेटांत सापडला.