७५ पेन्स आणि अर्धं तिकीट

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलत भावाचा तापलेला मेसेज आला. पेठेतल्या पोहायच्या टँकवर संध्याकाळी सहा ते सातची बॅच फक्त लेडीजसाठी केलीय, नेमकी त्याची ऑफिस सुटायची वेळ, वर एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे पुरुष म्हणून जन्माला आलो हीच चूक झाली वगैरे. आणि शेवटी गाडी माझ्यावर, "अक्का, तुमच्या इंग्लंडात इक्वॅलिटी ॲक्ट आहे, तिकडं असले लाड चालत न्हाईत, सांग की जरा यांना."

सांगतो. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतच वाढलो, अकरा वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहून पण ते सुटलं नाही, तेव्हा व्याकरणाची तक्रार नको.)

भावा, तुझं निम्मं बरोबर आहे, पण तुला वाटतंय ते निम्मं नाही. टँकवर तू हरणार. मी स्वतः इथं दर रविवारी बायकांच्या तासाला पोहायला जातो, काचेवर पडदे ओढतात, लाइफगार्डसुद्धा बाईच असते. २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट म्हणतो की बाई आहे किंवा पुरुष आहे म्हणून कुणाला सेवा नाकारायची नाही, पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात अपवाद दिलेत. जिथं समोर परका पुरुष असला तर बाईला अवघडल्यासारखं होणं साहजिक आहे, किंवा एकत्र सेवा ठेवली तर ती नीट पोचतच नाही, तिथं वेगळी सोय चालते. मात्र नुसतं चालते म्हणून भागत नाही, कशासाठी ठेवली ते सांगता आलं पाहिजे आणि गरजेपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

आमच्या इथं एका गृहस्थांनी तक्रार केलीच होती, फी पूर्ण भरतो आणि माझा तास जातो. उत्तरात कुणी त्यांना 'आयाबहिणींचा मान ठेवा' असलं काही ऐकवलं नाही. ऑपरेशनच्या खुणा असलेल्या, धर्मामुळं अंग झाकणाऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या बायका या एका तासाशिवाय येतच नाहीत, आणि बाकीचा अख्खा आठवडा तुम्हाला मोकळा आहे, असं लेखी दिलं. पटलं नसतं तर सहा महिन्यांच्या आत काउंटी कोर्टात, म्हणजे इथल्या दिवाणी कोर्टात, जाता आलं असतं. ते गेले नाहीत, सोमवारी पोहायला येतात.

आता अर्ध्या तिकिटाचं. तिथं तू जिंकशील, पण इंग्लंडात. १९८५ साली ईस्टलीमध्ये एक नवराबायको पोहायला गेले, दोघंही ६१ वर्षांचे. पेन्शनच्या वयाला पोहणं फुकट होतं, आणि तेव्हा बायकांचं पेन्शन ६० ला, पुरुषांचं ६५ ला, म्हणून बाई फुकट आत आणि नवऱ्याकडून ७५ पेन्स घेतले. पठ्ठ्यानं ते ७५ पेन्स थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हा इथलं सगळ्यात वरचं कोर्ट तेच) नेले आणि १९९० मध्ये तीन विरुद्ध दोन जिंकला. नगरपालिकेचा हेतू चांगला होता हे कुणी नाकारलं नाही, पण हा माणूस बाई असता तर पैसे पडले असते का, नाही ना, मग झाला भेदभाव. कोल्हापूरच्या माणसाला शोभेल असली ईर्षा बघा.

आपल्याकडं घटनेच्या कलम १५ मध्येच तिसरं उपकलम आहे, बायका-मुलांसाठी सरकारला खास तरतूद करता येते. त्यामुळं १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट लागतं, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. माझी मावशी राधानगरीकडच्या गावात राहते. घरात दोन मोटरसायकली, दोन्ही पुरुषांच्या, तिची गाडी म्हणजे एसटी. डोळे दाखवायला कोल्हापुरात सीबीएस स्टँडला यायचं तर आधी काकांच्या खिशाकडं बघायला लागायचं. आता स्वतःच्या दुधाच्या पैशात येते, येताना महाद्वार रोडला बांगड्या पण घेते. हे कारण आहे. पण सरकारनं नाव काय दिलं, तर महिला सन्मान योजना. सन्मान म्हणलं की कारण सांगायची जबाबदारीच संपली, आणि मग माझ्या भावाला ती खैरात वाटते यात सगळाच दोष त्याचा नाही. (७५ च्या पुढच्या पुरुषांना पण एसटी फुकट आहे, ते ग्रुपवर कुणी टाकत नाही.)

आणि तालमीवर कुठं 'फक्त पुरुषांसाठी' पाटी बघितलीय का? आमच्या लहानपणी गरजच नव्हती, कुठली पोरगी आत पाऊल टाकणार होती. लंडनचा गॅरिक क्लब १८३१ पासूनचा, त्यांनी बायकांना मेंबर करून घ्यायचं २०२४ मध्ये ठरवलं. बायकांच्या एका तासाची मात्र पाटी लागते, आणि पाटी दिसली की तक्रार.

इथं सध्या खरं भांडण वेगळंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये यूकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की इक्वॅलिटी ॲक्टमधला 'स्त्री' हा शब्द जन्माच्या लिंगावरून घ्यायचा. ट्रान्स लोकांना भेदभावापासूनचं संरक्षण त्याच कायद्यात कायम आहे, पण बायकांच्या तासाचं काय, चेंजिंग रूमचं काय, यावरनं रान पेटलंय. मार खाऊन घरातनं पळालेल्या बाईला निवाऱ्यात फक्त बायकाच हव्याशा वाटतात हे मला पटतं. आमच्या रविवारच्या तासाला एखादी ट्रान्स बाई आली तर मला स्वतःला काही वाटणार नाही, शेजारणीला वाटेल, दोघी एकाच पाण्यात आहोत. आपल्याकडं २०१४ मध्येच सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या जोगत्याच्या पाया पडणारी माणसं मी बघितलीत, त्यातलं कोण त्याला घर भाड्यानं देईल ते विचारू नका.

एवढं सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं आणि खाली विचारलं, तुझी पोरगी त्या टँकवर जाते ना, कुठल्या बॅचला घातलीस?

रात्री उशिरा उत्तर आलं, "सहा ते सात. अक्का, पोरीचं वेगळं असतंय."

डिसेंबरात येणार आहे मी, त्या बॅचची महिन्याची फी किती ते विचारून ठेव म्हणलंय त्याला.