‘सी-वन’वर बेस लिहायला सांगणाऱ्यांनी आधी हर्ट्झ सांगावेत

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. “मामा, गाण्यात बेस टाकलाय, पण येतच नाहीये. मीटर मात्र लाल होतोय.” फाइल मागवून लावली. स्पीकरचा पडदा फडफडताना डोळ्यांना दिसत होता, कानाला काहीच नाही. पोराने सगळी बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांची चाल, एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये सी-वनच्या आसपास लिहिली होती. कारण काय, तर बीट बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारी ती पोस्ट: बेस नेहमी सी-वनलाच लिहा, जितका खाली तितका दणका, ऐकू आला नाही तर ३० हर्ट्झ उचला (म्हणजे सेकंदाला तीस कंपनांच्या सुराचा आवाज वाढवा), किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकाच सुरात ठेवा, मोबाइलवर बेस येतच नाही, तेव्हा त्याचा विचार सोडा.

सी-वन म्हणजे नेमकं काय, हे तरी लिहायचं! सी म्हणजे पांढरी एक, पुढचा आकडा सप्तकाचा. पियानोवरची मधली पांढरी एक घ्या, २६१.६ हर्ट्झ. पुस्तकांत ती सी-फोर, एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी-थ्री, एफएल स्टुडिओत सी-फाइव्ह. म्हणजे ‘सी-वन’ वाचून एबलटनवाला ६५.४ हर्ट्झवर लिहिणार, पुस्तकवाला ३२.७ वर आणि माझा भाचा १६.३५ वर. २० हर्ट्झच्या खाली माणसाच्या कानाला सूर म्हणून काही कळत नाही. पोराने तीन रात्री घालवून न ऐकू येणारी चाल बांधली, आणि स्वतःच्या कानांवर शंका घेत बसला. याचाच मला राग आहे.

आता ‘जितका खाली तितका दणका’. वेगवेगळे सूर कानाला सारख्याच जोराचे वाटायला किती डेसिबल लागतात, हे आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेलं आहे. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर घ्या. तेवढाच जोर वाटायला ६३ हर्ट्झला साधारण ७३ डेसिबल लागतात आणि ३१.५ हर्ट्झला ८८. एक सप्तक उतरलात की १५ डेसिबल जास्त, म्हणजे तीसपट ताकद. आवाज मोठा असला की हा फरक कमी होतो, पण संपत नाही. खर्जाचा रियाज केलेल्या कुणालाही विचारा, तिथला सा दूर पोहोचवणं किती कठीण असतं.

आणि वर सल्ला काय, तर ऐकू आला नाही तर ३० हर्ट्झ उचला! पोस्टमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे जावं लागतं. मिरवणुकीतल्या अठरा इंची सबच्या (फक्त बेस काढणाऱ्या स्पीकरच्या) बऱ्याच पेट्या ३५-४० हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेल्या असतात. त्याखाली पेटीतली हवा पडद्याला आवरत नाही. तो मोकाट धावतो, त्याच्यामागची तारेची कॉइल आपटते, आणि ऑपरेटर ‘अजून येत नाही’ म्हणून आणखी उचलतो. शेवटी कॉइल जळाल्याचा वास येतो. वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या सेटचं असं झालं, तर भरून कोण देणार? कॉइल वाचली तरी न ऐकू येणारा तो बेस लिमिटरची (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्राची) सगळी जागा खातो, आणि गाण्याचे शब्द, ताशा, हलगी सगळं दबतं.

खालचा सूर छातीत जाणवतो, हे मात्र खरं आहे. गोवा ट्रान्समधून पुढे आलेल्या सायट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात बेसचा मूळ सूर बहुतेकदा ई ते जी, म्हणजे ४१ ते ४९ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि चांगल्या सेटवर तो अंगावर येतो. पण ४१, १६ नव्हे.

किक आणि बेस जुळलेले हवेत, मान्य. म्हणून दोघांना एकाच जागी कोंबायचं नसतं. ८०८ या ड्रम मशीनची किक मुळातच ५० हर्ट्झच्या आसपास घुमते. तिथे बेसही बसवला तर दोघं एकमेकांना खातात. टीबी-३०३ या बेसच्याच यंत्रावर प्रत्येक सुराला सप्तक वर-खाली करायची सोय दिली होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ८०८ आणि ३०३ घेऊन १९८२ साली दहा रागांची रेकॉर्ड काढली. ती ऐका, बेस तळाशी गाडलेला नाही, चालतो-फिरतो.

मोबाइलचं थोडक्यात. ६५ हर्ट्झचा बेस थोडा सॅच्युरेट केला, म्हणजे मुद्दाम जरा खरखरीत केला, की १३०, १९६, २६१ वर त्याचे स्वयंभू स्वर उभे राहतात. छोट्या स्पीकरमधून मूळ सूर निघत नसला तरी कान त्या वरच्या स्वरांवरून तो धरतो.

भाच्याच्या फाइलमध्ये बेस दोन सप्तकं वर नेला, ६५.४ वर. किक होती तिथेच ठेवली, ३० च्या खालचं सगळं कापलं. मीटर लालवरून उतरला. पोराने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, “मामा, दुसऱ्या ओळीत मी चुकीचा सूर लावलाय. आत्ता कळलं.”