रस्ता रुंद केला की धूर कमी होतो?

‘रस्ता रुंद करा, कोंडी फुटेल आणि धूरही घटेल’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे. सुरुवातीला गाड्या सुसाट जातात, हे मान्य. पण मोकळा रस्ता दिसला की लोक जास्त वेळा, जास्त लांबवर गाडी काढतात. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवून दिलं, की रस्ते जितके टक्के वाढले, जवळपास तितकीच गाड्यांची धावही वाढली. मग धूर कमी होणार कसा?

आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचं काय, हे त्या मजकुरात कुठेच नाही. पोरीचा हात घट्ट धरून सहा मार्गिका ओलांडत बसथांबा गाठणाऱ्या बाईला उद्या आठ ओलांडाव्या लागतील. बस मात्र तेवढ्याच उशिरा येईल.